घरात माणसं किती?

बुलढाणा जिल्ह्यातून परत आल्यापासून जो तो मला विचारतो, "लोणारचं सरोवर पाहिलंत का?" नाही पाहिलं. एसटीत बसलो असतो तर सहज पोहोचलो असतो, तरी नाही पाहिलं. आम्ही पाहिली ती लोकांची स्वयंपाकघरं, जात्यात पडणारी ज्वारी आणि एका साध्यासुध्या मराठी शब्दानं केलेली फजिती. ज्यांना डोंगरदऱ्यांचं वर्णन हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं वाचावं. मी गणित शिकवते, मला ते जमत नाही.

मुळात मी गेलेच का, ते आधी सांगते. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि नव्या राज्यासाठी काहीतरी नवं करून दाखवावं असा सगळ्यांच्याच अंगात उत्साह होता. पुण्यातल्या आमच्या संस्थेनं ठरवलं की गणित, भाषा आणि समाजशास्त्र या तिन्ही विषयांच्या लोकांना एका कामाला जुंपायचं. काम होतं भास्करच्या प्रबंधाचं. भास्कर समाजशास्त्राचा, मूळचा बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूरचा. त्याच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्याला थोडीच वर्षं झाली होती, आणि कॉलेजची पायरी चढलेला त्या घरातला तो पहिलाच. खेड्यातल्या घरात किती माणसं असतात, धान्य किती लागतं आणि ते कुणाच्या वाट्याला किती येतं, हा त्याचा विषय. बरीच गावं त्यानं घरोघर पालथी घातली होती.

पण त्याचे आकडे विचित्र निघाले. एकाच गावात, एकाच आळीत, काही घरं माणशी जेवढी ज्वारी खात होती, त्याच्या दुप्पट शेजारची घरं खात होती. श्रीमंत-गरीब असा काही भेद त्यात दिसत नव्हता. संस्थेच्या समितीनं मला सांगितलं, की तुम्ही जा, प्रत्यक्ष पाहा. आकडे खरे असतील तर तसं सही करून द्या. नसतील तर त्याची शिष्यवृत्ती यंदाच बंद.

म्हणजे त्या मुलाचं पुढचं सगळं माझ्या सहीवर अडलेलं. मला हे काम मुळीच नको होतं. माझा विषय मूळ संख्यांचा. माझ्या संख्या जेवत नाहीत, त्यांना घर नसतं आणि त्या खोटं बोलत नाहीत. पण समितीपुढे हे कोण बोलणार?

तिसरे आमचे दातार सर, भाषाशास्त्राचे. निवृत्तीला टेकलेले, कानटोपी घातलेले आणि नवा शब्द ऐकला की लहान मुलासारखे खूश होणारे. त्यांना बोलीतले शब्द गोळा करायचे होते. तिघांचे तीन विषय, आणि प्रत्येकाला मनातून वाटत होतं की खरं काम आपलंच, बाकीचे दोघे हौसेनं आलेत.

मलकापूर ते बुलढाणा

आगगाडीचा प्रवास सोडून देते, त्यात धुळीशिवाय काही नव्हतं. मलकापूरला उतरून एसटी धरली. जानेवारीचे दिवस. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, रस्त्यावर कापसानं लादलेल्या बैलबंड्या, आणि बैलांना आमच्या गाडीचं काही एक सोयरसुतक नाही. ड्रायव्हर कर्णा वाजवून थकला, मग त्यानंही विडी पेटवली.

माझ्या शेजारी पागोटंवाले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी भास्करला विचारलं, "काय काम काढलं इकडं?"

भास्कर अगदी छापील मराठीत म्हणाला, "आम्ही संशोधनासाठी आलो आहोत."

"सोधाले?" म्हाताऱ्यानं आम्हा तिघांना खालीवर न्याहाळलं. "काऊन बाप्पा, काई हारपलं काय तुमचं?"

सगळी एसटी हसली. दातार सरांनी तर ‘हारपलं’ हा शब्द दोनदा घोळवून पाहिला. भास्कर मात्र हसला नाही. तो आपल्याच जिल्ह्यात आला होता, पण पुण्याहून निघाल्यापासून त्याच्या तोंडून एकदाही ‘मले’ किंवा ‘तुले’ आलं नव्हतं. मी त्याबद्दल छेडलं तर म्हणाला, "बाई, पहिल्या वर्षी वर्गात मी ‘का’च्या जागी ‘काऊन’ म्हणालो होतो. वर्षभर मुलं मला काऊन म्हणूनच हाक मारत होती." मी पुन्हा छेडलं नाही.

राजूरचा घाट चढून गाडी वर आली तशी हवा एकदम गार झाली. बुलढाणा गाव उंचावर आहे, याचा तिथल्या लोकांना केवढा अभिमान! विश्रामगृहाच्या खानसाम्यानं चहा देताना सांगितलं की इथला उन्हाळासुद्धा गोड असतो. चहाही तसाच होता. चमचा उभा राहावा इतकी साखर. पुण्यात एवढ्या साखरेत चार पाहुण्यांची बोळवण होते, असं मी म्हटलं तर दातार सर म्हणाले, "म्हणून तर पुण्यात पाहुणे येत नाहीत."

देऊळघाट

दुसऱ्या दिवशी देऊळघाटला गेलो. बुलढाण्याहून जवळच, मोठं, शेतकऱ्यांचं गाव. माझा संशय होता तो पायलीवर. ज्वारी इथं पायलीनं मोजतात. किलो आले असले तरी ते दुकानापुरते, घरात अजून पायलीच. मला वाटलं, एका घरची पायली मोठी आणि दुसऱ्या घरची लहान असणार, की सुटला प्रश्न. मी मनातल्या मनात सही करूनसुद्धा टाकली होती.

भास्कर दारात उभा राहून विचारायचा, "आपल्या घरात माणसं किती?" पुरुष कापसाच्या वावरात गेलेले. बायका दाराआडून सांगायच्या, "तीन," "च्यार," "दोन." मग तो विचारायचा, आठवड्याला ज्वारी किती दळता. त्याचंही उत्तर मिळायचं. तो नम्रपणे लिहून घ्यायचा, आणि मी मागून जाऊन म्हणायची, "जरा तुमची पायली दाखवता का?"

इथेच घोटाळा झाला. मी एका घरची पायली मागून घेतली आणि दुसऱ्या घरच्या पायलीशी ताडून पाहायला निघाले. मागे दातार सर, त्यांच्या काखेत तिसरी पायली. सरकार लेव्हीचं धान्य घ्यायला आलं, अशी बोलवा आमच्या आधीच गावभर फिरली. बघता बघता आळीतली दारं धडाधड लागली. एका घरात तर ज्वारीचं पोतं ओढत आतल्या खोलीत नेल्याचा आवाज आम्हाला ओसरीवर स्पष्ट ऐकू आला.

शेवटी एक पाटलीणबाई कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या. मोठं खटलं, मोठा वाडा, मोठा आवाज.

"काय हो बाई, आमच्या दान्यावर डोया ठेवून राह्यल्या काय?"

मी म्हटलं, "नाही हो, मी मास्तरीण आहे. फक्त माप पाहते."

"मास्तरनीले मापाशी काय काम? पोराइले शिकवा नं!"

भास्करनं पुढे होऊन त्यांची समजूत काढली. मग त्याच पाटलीणबाईंनी आम्हाला बसवून घेतलं, मुठी मुठी हुरडा पुढे ठेवला, वर तीळ-जवसाची चटणी, आणि सरकारला काय काय सांगावं याची मोठी यादी तोंडी ऐकवली. त्या घरी माणसं तीन, असं उत्तर मिळालं होतं. तिघांच्या मानानं तिथली ज्वारी पाहून मी थक्क झाले. इतकं खाऊन ही माणसं चालतात कशी?

पायल्या मात्र सगळ्या सारख्या निघाल्या. माझा सिद्धांत देऊळघाटच्या ओसरीवरच निकालात निघाला.

विश्रामगृहावर परतल्यावर चहा घेताना मी भास्करला स्पष्ट सांगितलं. गोड बोलायची मला सवय नाही. "हे बघ, तुझा हिशेब बरोबर आहे, बेरजा बरोबर आहेत. पण उत्तर खोटं आहे. माणसं अशी जेवत नाहीत. कुठे चुकलंय ते मला कळत नाही, आणि कळत नाही तोवर मी सही करणार नाही."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तहसिलीत कारकुनाची जागा आहे बाई, ती मिळेल मला. उपाशी नाही मरणार. पण आमच्या घरातून, आमच्या आळीतून पहिला मी गेलो. मीच अर्ध्यातून परत आलो तर मागच्या पोरांना कोण पाठवणार? सगळे म्हणतील, याचं काय झालं ते पाहिलं ना."

मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून सही करता येत नाही. दातार सरांनी कानटोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "उद्या याच्या घरी जेवायला जायचंय ना? आधी जेवू."

अमडापूर

चिखलीवरून अमडापूरला पोहोचेपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं. भास्करचं घर गावाच्या कडेला. मातीचं, पण असं सारवलेलं की बसताना आपल्याच साडीची लाज वाटावी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताज्या झेंडूचा हार. घरात त्याची माय, वडील, थोरला भाऊ आणि वहिनी.

त्यानं वाकून नमस्कार करून मायला विचारलं, "आपली प्रकृती कशी आहे?"

माय माझ्याकडे वळली. "पाहा बाई, पोटचा लेक मले ‘आपन’ म्हन्ते! मी काय तहसीलदारीन हाओ?"

जेवणाची वेळ झाली. पाटावर दातार सर, भास्कर, त्याचे वडील आणि भाऊ बसले. मीही पाहुणी, म्हणून मला त्यांच्याच पंगतीला बसवत होते. मी म्हटलं, मी मागून बसते, आत चुलीपाशी. यात नम्रपणा काही नव्हता, मला थंडी वाजत होती.

चुलीपुढे वहिनी कळण्याच्या भाकरी थापत होती. उडीद घातलेलं पीठ, काळपट भाकरी, तिच्यावर तेल ओतून तिखट. बाजूला तुराट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कढी, ठेचा. पुण्यात भरताला आम्ही दही लावून त्याचा पार साधुपुरुष करून टाकतो. इथलं भरीत पहिल्या घासाला कान गरम करतं. तो घास अजून माझ्या नशिबी यायचा होता, मी वासावरच होते.

बाहेरची पंगत उठल्यासारखी वाटली. मायनं वहिनीला विचारलं, "मानसं जेवले का समदे?"

"हाव, झाले."

"मंग वाढ बाईले. आता आपन बसू."

मी ताटापर्यंत नेलेला हात तसाच राहिला. कालपासून ज्याच्यामागे मी पायल्या घेऊन धावत होते, ते कुणीतरी चुलीतून काढून माझ्यासमोर ठेवलं होतं. मी मुद्दाम भास्करचाच प्रश्न विचारला.

"मावशी, तुमच्या घरात माणसं किती?"

"तीन," ती चटकन म्हणाली. "हे, थोरला, आन भास्कर आला तं त्याले धरून."

"आणि तुम्ही?"

"मी?"

"तुम्ही, आणि तुमची सून?"

मायनं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं मायकडे. आणि दोघी अशा हसत सुटल्या की तव्यावरची भाकरी जळायची वेळ आली.

"मी बाई हाओ नं, बाई!" माय डोळे पुसत म्हणाली. "पुन्याले बायाइले मानसं म्हन्तेत काय?"

मी ताट तसंच सोडून ओसरीवर गेले आणि सांगितलं. दातार सर सुपारी कातरत होते. सुपारी हातातून पडली. "अरे देवा! माणूस म्हणजे पुरुष! अहो बाई, आपल्याकडे ‘पुरुषमाणूस’ म्हणतात, ‘बाईमाणूस’ही म्हणतात. इथे पुरुषाला जोड लागतच नाही. नुसतं माणूस म्हटलं की पुरुष, नवरा, घरचा कर्ता. काय सुंदर! मी तीन दिवस हे ऐकतोय, आणि—"

"सर," मी म्हटलं, "तुमचं सुंदर जरा बाजूला ठेवा."

कारण भास्करचा चेहरा पांढरा पडला होता. आता सगळं कोडं उलगडत होतं. ज्या घरी कुणी शिकलेलं होतं, पुस्तकी मराठी कानावरून गेलेली होती, त्यांनी बायकापोरांसकट सगळी मोजली. बाकीच्यांनी मोजले फक्त पुरुष. ज्वारी मात्र दोन्हीकडे सगळ्यांचीच सांगितली. म्हणून अर्धी आळी दुप्पट खाताना दिसत होती. कुणी खोटं बोललं नव्हतं. ज्या बायका दाराआडून उत्तर देत होत्या, त्यांनीच स्वतःला मोजलं नव्हतं.

"लहानपणी मीच ओरडायचो," भास्कर हळूच म्हणाला. "या ओट्यावरून. ‘माय, मानसं जेवले, तू बस.’ रोज ओरडायचो. आणि प्रश्न लिहिताना... प्रश्न मी पुण्यात लिहिला, बाई. पुण्याच्या तोंडानं लिहिला. तो शुद्ध आहे की नाही हे मी दहा जणांना विचारलं. मायला नाही विचारलं."

माय हात पुसत बाहेर आली. "काऊन बे? तोंड काऊन पाडलं?"

"सारं काम चुकलं, माय."

"चुकलं तं चुकलं. फिरून इचार. बाया कुठं पयून जाऊन राह्यल्या काय?"

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. चूक सापडली म्हणजे गणितात निम्मं काम होतं. माझ्या विषयात लोक आयुष्यभर चूक शोधत बसतात. मी आत जाऊन आधी भरपूर जेवले. कान खरोखरच गरम झाले.

मग दुपारी ओट्यावर आमची सभा भरली. नवा प्रश्न कसा विचारायचा? इथे मात्र तिन्ही विषय चांगलेच भिडले. मला एकच अर्थ निघेल असा शब्द हवा होता. दातार सर म्हणाले, असा शब्द कुठल्याच भाषेत नसतो, आणि असलाच तर तो कुणी बोलत नाही. भास्करचं म्हणणं, शब्द असा हवा की बाईला उत्तर देताना अवघडल्यासारखं होऊ नये. मी ‘जीव’ सुचवला. भास्करचे वडील शांतपणे म्हणाले, "मंग बैल बी धरू काय?" सरांनी ‘डोकी’ काढली. त्यावर भाऊ म्हणाला, "डोके मोजाले पोलीस येतेत." ‘खाणारी तोंडं’ म्हणावं तर वहिनीनं आतून विचारलं की अंगावर पिणारं लेकरू त्यात धरायचं की नाही. मी हतबल होऊन बसले. मूळ संख्यांमध्ये असला त्रास नसतो.

शेवटी भास्करच म्हणाला, आणि पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदाच तो आपल्या घरच्या बोलीत बोलला.

"किती हायेत ते इचाराचंच नाई. कोन कोन राह्यते ते इचाराचं. नावं सांगा म्हनाचं. मोजू आपन."

मी टाळीच वाजवली. संच आधी, संख्या नंतर. आम्ही वर्गात मुलांना हेच सांगतो आणि स्वतः विसरतो. दातार सरांनाही पटलं, कारण नावाला दुसरा अर्थ नसतो. आणि भास्कर म्हणाला, आपलं नाव कुणी विचारलं म्हणजे ती बाई दाराआडून बाहेर येईल. तीन विषयांचं एकमत झालेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, अमडापूरच्या त्या ओट्यावर.

निघताना एसटीच्या थांब्यावर भास्कर एकदम हसायला लागला.

"काय झालं?"

"काही नाही बाई. म्हणजे पुण्याहून आपण दोनच मानसं आलो."

"आणि सही करणार ती बाई," मी म्हटलं. त्यानंतर त्याचं माझ्यासमोर अवघडून बोलणं संपलं.

बीबी

पण नुसतं ओट्यावर पटून भागत नाही. नावं विचारल्यावर ज्वारीचा हिशेब जुळतो का, हे पाहिल्याशिवाय मी समितीला एक अक्षर लिहिणार नव्हते. त्यासाठी भास्करनं बीबी निवडलं. लोणारच्या बाजूचं हे बाजाराचं गाव, त्याच्या जुन्या यादीतलं, आणि तिथले आकडे सगळ्यात वेडेवाकडे होते.

आम्ही पोहोचलो तो बाजाराचाच दिवस. मिरच्यांचे ढीग, बोरं, दोरखंडं आणि सगळ्यांवरून एकच धूळ. जालन्याची हद्द जवळ, त्यामुळे बोली बदलत चाललेली. बोरं विकणारी एक बाई एकाच दमात ‘मला’ आणि ‘मले’ दोन्ही म्हणाली. दातार सरांनी तिच्याकडून दोनदा बोरं घेतली, केवळ तिनं पुन्हा बोलावं म्हणून. मग ती बोरं सगळा वेळ मला वागवावी लागली.

आम्ही घरोघर फिरायला लागलो. भास्कर आता दारात उभा राहत नव्हता. ओट्यावर टेकायचा आणि विचारायचा, "माय, घरात कोन कोन राह्यते? नावं सांगा बरं." गंमत ही की सुना नवऱ्याचं नाव घेईनात. एक तर नणंदेला कोपरानं ढोसून म्हणाली, "सांग नं तुह्या भावाचं." पण बाकीची सगळी नावं धडाधड यायची. लेकरांची, जावांची, माहेरी परत आलेल्या लेकीची, आंधळ्या आत्याची. मी शेजारी बसून त्यांच्या ज्वारीशी ताळा घालत होते. पहिलं घर जुळलं. दुसरं जुळलं. तिसऱ्या घरी पुष्कळच कमी पडलं, पण ते घर खरंच गरीब होतं, आणि ती कमतरता आधीच्या आकड्यांत कुणालाच दिसली नव्हती. भास्करनं तिथे मान खाली घातली आणि बराच वेळ लिहीत बसला. चूक दुरुस्त केल्यावर जे दिसतं ते सगळंच गोड असतं असं नाही. पण ते दिसलं तरी.

शेवटचं घर एका म्हातारीचं. दारात लाल मिरच्या वाळत घातलेल्या आणि ती कोंबड्या हाकलत बसलेली. तिनं मुलांची, नातवंडांची, दोन्ही सुनांची नावं सांगितली. भास्करनं विचारलं, "आन तुमचं?"

"माहं?" तिला वाटलं तो थट्टा करतो. "मले बी धरता काय?"

"हाव. तुमच्याबिगर हिशेब जुयत नाई."

कोंबडी मिरच्यांवर चढली तरी तिचं लक्ष गेलं नाही. "गनूची माय म्हन्तेत," ती म्हणाली. "आता बुढी म्हन्तेत."

"ते नाई. नाव."

"कोनचं सांगू? मायेरचं का इथलं?"

मी चमकले. लग्नात नाव बदलतात हे मला का ठाऊक नव्हतं? पण माझ्या हिशेबी डोक्यात आधी आलं ते हेच, की एका बाईची दोन नावं आणि भास्करनं दोन्ही लिहिली तर ती दोनदा मोजली जाईल. भास्करच्या मनात असलं काही नव्हतं. तो म्हणाला, "तुमाले जे आवडते ते."

म्हातारी विचार करत राहिली. मग पदर सारखा करून, जरा मोठ्यानं म्हणाली, "कौतिका."

उंबऱ्यात उभी असलेली थोरली सून एकदम बाहेर आली. हातात तसंच पीठ. "आत्याबाई, तुमचं नाव कौतिका हाये? इतके वर्स झाले, मला माहीतच नव्हतं!"

"कोनी इचारलंच नाई," म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

त्या घराची ज्वारी मी मोजली. कौतिकाबाईंना धरून ती बरोबर जुळली.

मी तिथेच, मिरच्यांच्या बाजूला बसून समितीला लिहिलं. आधीचे आकडे चुकीचे आहेत, चूक कुठे झाली ते सापडलं आहे, नव्या रीतीनं केलेली मोजणी मी स्वतः ताडून पाहिली आहे, तरी या मुलाला आणखी मुदत द्यावी. खाली सही केली. शेजारी दातार सरांनीही केली, आणि पुढे दोन ओळी स्वतःच्या घातल्या, त्यात ‘माणूस’ शब्दावर टीप होतीच. वाचणाऱ्यांचा जीव टांगणीला राहू नये म्हणून इथेच सांगते, की मुदत मिळाली. पण त्या ओट्यावर आमच्यापैकी कुणाला ते माहीत नव्हतं. भास्कर तो कागद हातात धरून नुसता बसला होता.

"काय लिवलं त्याच्यात?" कौतिकाबाईंनी मला विचारलं.

मी म्हटलं, "या मुलाला सगळ्या गावांना पुन्हा जायचंय. त्याला जाऊ द्या, असं लिहिलंय."

त्यांनी भास्करकडे पाहिलं. पाठीवर हलकेच चापट मारली.

"मंग बसला काऊन बे? ऊठ नं. तिकडच्या बाया राह्यल्या अजून."